संगणक शिकवतो, पण त्याला लागणारी वीज नि त्याचं भंगार शिकवायचं राहून जातं

माणगंगा_मास्तर

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली सतरा वर्षं कॉम्प्युटरच्या मुलांना शिकवतोय. मायक्रोप्रोसेसर, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, ऑपरेटिंग सिस्टीम हे माझे विषय.

गेल्या सत्राच्या ओरलला एका हुशार मुलीला मर्ज सॉर्ट, म्हणजे आकडे क्रमाने लावायची एक पद्धत, विचारला. तिने बिनचूक सांगितला, त्याला किती पायऱ्या लागतात (एन लॉग एन) तेही सिद्ध करून दाखवलं. मग मी विचारलं, "हा प्रोग्रॅम तासभर चालवला तर वीज किती लागेल?" ती गोंधळली. म्हणाली, "सर, हे सिलॅबसमध्ये नाहीये." चूक तिची नव्हती. आकडा मलाही ठाऊक नव्हता. त्या रात्री झोप लागली नाही.

मग प्लगला लावायचा वीजमापक आणला आणि लॅबमधल्या एका संगणकाला जोडला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, सोबत एलसीडी मॉनिटर. काहीही काम न करता ४२ वॉट. मॉनिटर बंद केला तर ३० वॉट. लॅबमध्ये असे ६० संगणक. संध्याकाळी पाचला मुलं जातात, मॉनिटर बंद होतात, संगणकाचे डबे चालूच राहतात, ते सकाळी नऊपर्यंत. ३० गुणिले ६० गुणिले १६ तास, म्हणजे रोज रात्री जवळजवळ २९ युनिट. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका रिकाम्या खोलीतून रोज रात्री २० किलो. आणि ही खोली कॉम्प्युटर इंजिनिअर घडवणारी.

दुसरी गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (नेहमीचे अपडेट) संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमचे चौथ्या पिढीचे. त्यामुळे सगळ्या ६० संगणकांचं निर्लेखन (रजिस्टरमधून काढून टाकणं) करायचं ठरतंय. साठही चालू आहेत.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. ऊर्जा आणि टिकाऊपणा हे आहे त्या अभ्यासक्रमात कसं शिकवावं? आणि हे संगणक आसपासच्या झेडपी शाळांना देऊन आमची मुलं तिथे शिकवायला न्यावीत का? माझं स्वतःचं मत: पोस्टर स्पर्धा आणि 'ग्रीन आयटी'वरचं व्याख्यान यांनी काही होत नाही. मुलांच्या हातात मीटर आणि स्क्रूड्रायव्हर दिला पाहिजे.


रानवारा

महत्त्वाचा विषय. वाचतेय.


बिट_बाई

सर, मी पुण्यात एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांवर) काम करते. आमच्याकडे फ्रेशर येतात त्यांना पहिल्या आठवड्यात मी एकच काम देते. ईएसपी-३२ या वायफाय असलेल्या छोट्या चिपचा बोर्ड, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला, तपासलेला एक सेल, आणि अट अशी की दर पंधरा मिनिटांनी तापमान वायफायवरून पाठवायचं. सेल जास्तीत जास्त दिवस पुरला पाहिजे.

पहिला प्रयत्न सगळ्यांचा सारखाच. लूपमध्ये डिले टाकतात, म्हणजे चिप नुसतीच थांबवून ठेवतात. वायफाय चालू, चिप जागी, सरासरी ८०-१०० मिलिअँपिअर. २५०० मिलिअँपिअर-तासाचा सेल दीड दिवसही टिकत नाही. मग कुणीतरी डेटाशीट वाचतं. डीप स्लीपमध्ये ही चिप १० मायक्रोअँपिअरवर येते. पाच सेकंद जागं राहून बाकी वेळ झोपलं तर सरासरी अर्धा-पाऊण मिलिअँपिअर, म्हणजे सेल जवळजवळ सहा महिने जायला हवा. मुलं खूश होतात.

तीन आठवड्यांच्या आतच सेल मरतो. का? बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर स्वतःच पाच मिलिअँपिअरच्या आसपास खातो. शेजारचा लाल दिवा वेगळा. कोड बरोबर, चिप बरोबर, पण कुणी पूर्ण यंत्राकडे पाहिलेलंच नसतं. ही गोष्ट मुलं आयुष्यभर विसरत नाहीत. त्यानंतर 'सिस्टीम' हा शब्द ती वेगळ्या अर्थाने वापरतात.

मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला हे बसतं. वेगळा विषय नको.


स्पष्टवक्ता

मास्तर, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात लिहिणार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं. पुढे यूजीसीने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या पदवीला लावला. आम्ही तो शिकलो. म्हणजे काय केलं? एका रात्रीत गाइड वाचलं, ओझोनच्या थराची आकृती काढली, पास झालो. चांगला हेतू अभ्यासक्रमात घातला की त्याचं सबमिशन होतं. ऊर्जेचंही तेच होईल.

दुसरं, तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरांना नोकरी हवीय. वडील सोसायटीचं कर्ज काढून फी भरतात. मुलाखतीत कुणी ज्यूल (ऊर्जेचं एकक) विचारत नाही, डीएसए म्हणजे डेटा स्ट्रक्चर नि अल्गोरिदम विचारतात. आणि तुमच्या २९ युनिटांनी जगाचं काय बदलणार? जगातल्या डेटा सेंटर्सनी २०२४ मध्ये ४१५ टेरावॉट-तास वीज वापरली, हा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. तिथे बदल होईल तो कंपन्या नि सरकारं करतील तेव्हा.


माणगंगा_मास्तर

@स्पष्टवक्ता, पर्यावरणाच्या पेपरबद्दल अगदी सहमत. म्हणूनच नवा पेपर मागत नाही. पण नोकरीचा मुद्दा मला पटत नाही. बिट_बाई नोकरी देणाऱ्यांच्याच बाजूच्या आहेत.


जुना_आर्किटेक्ट

स्पष्टवक्ता यांच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहितो. मी वीस वर्षं चिप डिझाइनमध्ये आहे. ऊर्जा हा विषय बाहेरून आणून चिकटवायचा नाहीये. संगणक आज जसा आहे तसा तो ऊर्जेमुळेच आहे, आणि नेमकं तेवढंच आपण शिकवताना गाळतो.

वर्गात एक प्रश्न विचारून बघा. २००४ च्या शेवटी ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम-फोर बाजारात होता. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत घड्याळाचा वेग कितीतरी पटींनी वाढला होता. मग आज ४० गिगाहर्ट्झचा प्रोसेसर का मिळत नाही? मुलं विचारात पडतात. आणि तिथून धडा सुरू होतो.

१९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह मांडलं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करत गेलं तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे व्होल्टेज कमी करणं ही मोठी कमाई. तीस वर्षं या सूत्रावर सगळा उद्योग चालला. २००५-०६ च्या सुमारास ते थांबलं, कारण व्होल्टेज आणखी खाली नेलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपायला लागते. वेग वाढवला तर चिप भाजून निघेल. मग एकाऐवजी दोन, चार, आठ कोअर आले. तुमच्या अभ्यासक्रमातला मल्टिकोअर या अडचणीतून जन्माला आलाय, आणि पॅरलल प्रोग्रॅमिंग, जीपीयू यांना आज एवढं महत्त्व आलंय तेही बरंचसं तिच्यामुळेच. कारण न सांगता आपण परिणाम पाठ करून घेतो.

आणखी एक आकडा फळ्यावर लिहा. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर चिपसाठी मांडलेला. ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज: ०.१ पिकोज्यूल. तेच ३२ बिट बाहेरच्या मेमरीतून आणायला: ६४० पिकोज्यूल. सहा हजार चारशे पट! हिशोब फुकटात होतो, पैसे जातात हमालीला. हे एकदा मनात ठसलं की कॅश (प्रोसेसरजवळची छोटी मेमरी) कशाला हवा, डेटा जवळ का ठेवायचा, हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि @स्पष्टवक्ता, चांगल्या कंपन्यांच्या मुलाखतीत हे विचारतात. मी स्वतः विचारतो.


स्पष्टवक्ता

४० गिगाहर्ट्झचा प्रश्न मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी विचारला नाही. विचारायला हवा होता. एवढा मुद्दा मान्य.


गुरुजी_शाळा_माळावरची

सर, मी दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी झेडपीच्या शाळेवर आहे. पट ७४, आम्ही तीन शिक्षक. तुमच्याबद्दल राग नाही हे आधी सांगतो, कारण पुढचं जरा कडू आहे.

चार वर्षांमागं एका संस्थेनं आम्हाला १४ संगणक दिले. टेम्पोवर बॅनर होता. नारळ फुटला, पोरींनी स्वागतगीत म्हटलं, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी लावायला बसलो तर नऊ सुरूच होईनात. उरलेल्या पाचातले दोन पावसाळ्यात गेले. फोन केले, कुणी आलं नाही.

पण खरी अडचण पुढची आहे. ते सगळे डेड स्टॉक रजिस्टरला चढलेत. चढलेली वस्तू आम्हाला मनानं टाकता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव गेलाय, तो वरून खाली आला नाही. तोवर अकरा मेलेले संगणक एका वर्गखोलीत आहेत आणि दुसरीची पोरं व्हरांड्यात बसतात. पाऊस आला की पोरं मधे उभी राहतात. तुमच्या कॉलेजातला कचरा कमी झाला असं कागदावर दिसतं, सर. तो फक्त गावाकडं सरकलेला असतो.

मदत करायचीच असेल तर आधी एकदा रिकाम्या हातानं या. आमचा सॉकेट बघा. अर्थिंग आहे का बघा. वीजबिल कुठून भरतो ते विचारा. मग ठरवा. साठ नकोत, सहा चालतील. पण सहाच्या मागं माणूस पाहिजे.


रानवारा

गुरुजी, व्हरांड्याचं वाचून गलबललं.


माणगंगा_मास्तर

गुरुजी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. 'देऊन टाकू' असा विचार मी केला होता, तो चुकीचा होता. तुमच्या खोलीतले ते अकरा संगणक आमच्या मुलांना बघता येतील का? नवीन काही देण्याआधी, आहे ते बघू.


स्क्रूड्रायव्हर_नाना

मी निवृत्त लॅब असिस्टंट. एकतीस वर्षं पॉलिटेक्निकला काढली. गुरुजी, तुमच्या अकरापैकी निम्मे तरी मेलेले नसणार, असं माझं मन सांगतं. चार वर्षं न हललेला संगणक आणि मेलेला संगणक यात फरक असतो.

पहिल्यांदा रॅम काढायची. तिच्या सोनेरी पट्टीवर साधं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं, कापडानं पुसायचं, परत टक् आवाज येईपर्यंत बसवायची. पावसाळी हवेनं पट्ट्यांवर थर चढतो. बीप देत बसणारे कितीतरी संगणक मी खोडरबरावर उठवलेत. मग मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर-२०३२. तो तीन व्होल्टचा. मीटरवर अडीचच्या खाली दाखवला तर बदला. तारीख २००९ ची दाखवून अडकून बसणारे यात सुटतात. मग पंखा आणि हीटसिंक. धूळ ब्लोअरनं काढा, पण पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग जाईल. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झाली असेल तर पुसून नवी लावा. मटारच्या दाण्याएवढी पुरे, पोरं श्रीखंडासारखी फासतात.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा. डोकं फुगलं असेल तर तो बोर्ड बाजूला ठेवा.

आता धोक्याचं. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा पोरांना उघडू द्यायचा नाही. आत ३२० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो, प्लग काढला तरी लगेच जात नाही. जुना काचेचा मॉनिटर असेल तर त्याला हातच लावू नका. त्यातला विद्युतदाब कितीतरी जास्त, आणि काचेत शिसं असतं. फुगलेली लॅपटॉप बॅटरी दिसली तर टोचायची नाही, दाबायची नाही. एवढं पाळलं तर सातवीच्या पोरांनाही बाकीचं जमतं. मी शिकवलंय.


सईची_आई

नाना, श्रीखंडाची उपमा लक्षात राहील :)

आमच्या सोसायटीत मी मुलांना जुना मोबाइल खोलायला दिला होता, बॅटरी आधी दुकानदाराकडून काढून घेऊन. सहा मुलं दोन तास जागची हलली नाहीत. शेवटी एकीने विचारलं, "काकू, हे सगळं चिकटवून का टाकलंय? स्क्रू असते तर दुरुस्त करता आलं असतं." आठ वर्षांची मुलगी. मला उत्तर देता आलं नाही.

आणि मास्तर, खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद कर म्हणून आई आम्हाला ओरडायची. साठ डबे रात्रभर चालू बघितले असते तर कॉलेजात येऊन ओरडली असती.


ओळखा_पाहू

'सस्टेनेबल कंप्युटिंग'ला मराठीत काय म्हणायचं? 'शाश्वत संगणन' वाचलं की डोळ्यांसमोर शासन निर्णय येतो.


बिट_बाई

माझी आजी 'पुरवून वापरणे' म्हणायची. तेल पुरवून वापर, साबण पुरवून वापर. त्यात कंजूषपणा नाही, पुढच्या माणसालाही उरावं हा विचार आहे. मी टीममध्ये 'बॅटरी पुरवून वापरा' असंच म्हणते, अमराठी मुलांनाही आता कळतं.


ओळखा_पाहू

'पुरवून वापरणे' – सुंदर. +१


डब्लिनकर

मी आयर्लंडला असतो, क्लाउडच्या क्षेत्रात. स्पष्टवक्ता यांनी डेटा सेंटरचा विषय काढला म्हणून लिहितो. इथे २०२३ मध्ये देशाच्या मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटर्सनी वापरली, शहरी भागातल्या सगळ्या घरांपेक्षाही जास्त. डब्लिनच्या आसपास नव्या जोडण्यांवर ग्रिडने हात आखडता घेतला. त्यामुळे हा विषय इथे वर्तमानपत्रात, बसमध्ये, शाळेत सगळीकडे बोलला जातो.

एक उदाहरण मला फार आवडतं. डब्लिनच्या टाला भागात ॲमेझॉनच्या डेटा सेंटरमधली वाया जाणारी उष्णता पाइपातून आणून स्थानिक परिषदेच्या इमारती आणि तंत्रविद्यापीठाचा परिसर उबदार ठेवतात. २०२३ पासून सुरू आहे. म्हणजे तिथे संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या वर्गातली ऊब सर्व्हरची आहे. यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक कुठलं?

आपल्याकडे उष्णता फुकट दिली तरी कोण घेणार, हे खरं. पण देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, पनवेल. तिथे थंडाव्यासाठी वीज लागते, पाणी लागतं. मुलांना दाखवायला दूर जायला नको.


स्पष्टवक्ता

हेच तर म्हणतोय. २१ टक्के तिथे, आणि आपण इथे खोडरबर घासतोय.


टीई_कॉम्प्स

दादा, मी विद्यार्थिनी आहे, तिसऱ्या वर्षाची. लहान तोंडी मोठा घास घेते. रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये उद्या आम्हीच कामाला लागणार ना? तिथला कोड आम्हीच लिहिणार. जिने एका संगणकाची वीज कधी मोजली नाही तिला हजार सर्व्हरची कशी दिसेल?

मी मिनी प्रोजेक्टला हा विषय मागितला होता. 'यात काय प्रोजेक्ट आहे' म्हणून नाकारला. मग मी घरी केलं. इंटेलच्या २०११ नंतरच्या प्रोसेसरमध्ये स्वतःची ऊर्जा मोजणारा काउंटर असतो, त्याला रॅपल म्हणतात. लिनक्सवर 'पर्फ' या आज्ञेने तो वाचता येतो. प्रोग्रॅम चालवायचा, शेवटी इतके ज्यूल असं छापून येतं. बाहेरचं काहीच विकत आणावं लागत नाही. फक्त रूट, म्हणजे मशिनचा पूर्ण ताबा देणारी परवानगी लागते. २०२० मध्ये याच काउंटरवरून एन्क्रिप्शनच्या गुप्त किल्ल्या चोरता येतात असं संशोधकांनी दाखवलं, तेव्हापासून तो सगळ्यांना खुला नसतो. कॉलेजच्या लॅबमध्ये रूट मिळत नाही, म्हणून भावाच्या जुन्या लॅपटॉपवर केलं.

४०९६ बाय ४०९६ चा ॲरे, सगळ्या आकड्यांची बेरीज. एकदा ओळीने, एकदा स्तंभाने. बेरजा तितक्याच, दोन्ही ऑर्डर एन स्क्वेअर. स्तंभाने गेल्यावर पाचपटीहून जास्त वेळ, आणि ज्यूलही त्याच रांगेत. मी तीनदा चालवून बघितलं, विश्वासच बसेना. जुना_आर्किटेक्ट काकांनी वर लिहिलेला ६४० पिकोज्यूलचा आकडा आज वाचला आणि उलगडा झाला. (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन कमी ठेवा, नाहीतर तो स्वतःच लूपची अदलाबदल करू शकतो.)

पायथॉन नि सीची पण तुलना केली. पोर्तुगालच्या संशोधकांचा २०१७ चा निबंध आहे, त्यात पायथॉनला सीच्या ७५ पट ऊर्जा लागते असं आहे. माझ्याकडे साध्या लूपला मोठा फरक आला, पण तेच काम नमपाय या पायथॉनच्याच लायब्ररीने केलं तर फरक जवळजवळ मिटला. म्हणजे 'पायथॉन वाईट' असं नाही म्हणता येत. हे पुस्तकात वाचलं असतं तर मी पाठ केलं असतं. स्वतः केल्यामुळे मी वाद घालू शकते.


जुना_आर्किटेक्ट

टीई_कॉम्प्स, शाब्बास बाळा. तुझा प्रोजेक्ट ज्यांनी नाकारला त्यांचं नुकसान झालं.

आणि मास्तर, तिने काय सांगितलं लक्षात आलं का? चौथ्या पिढीच्या आय-थ्रीत तो काउंटर आहे. तुम्ही ज्या साठ संगणकांचं निर्लेखन करताय तीच तुमची ऊर्जेची प्रयोगशाळा आहे. लिनक्स घाला, विद्यार्थ्यांना रूट द्या. बिघडलं तर पुन्हा घालतील, तेही शिक्षणच. विंडोज ११ न चालणं हा तुमचा फायदा आहे.


माणगंगा_मास्तर

हे मला सुचलं नव्हतं. उद्याच प्राचार्यांशी बोलतो.


नियमावली

कायद्याच्या बाजूने थोडं. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था 'मोठा ग्राहक' ठरते आणि तिला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यावा लागतो. लहान महाविद्यालय त्यात बसत नसलं तरी भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. तो तारा जाळून तांबं काढणाऱ्यांपर्यंत जातो, आणि तो धूर कुणाच्या तरी लेकराच्या छातीत जातो.

गुरुजींच्या अनुभवावरून सुचवतो: शाळेला देणगी म्हणून देऊच नका. महाविद्यालयाच्या रजिस्टरवर ठेवा आणि लेखी करार करून शाळेला वापरायला द्या. बिघडला की महाविद्यालय परत नेईल. मग शाळेच्या डेड स्टॉकला चढणारच नाही.


गुरुजी_शाळा_माळावरची

हे आजवर कुणीच सुचवलं नव्हतं. असं होत असेल तर माझी आजच हो.

एक शंका. लिनक्सवर आमचं शाळेचं काम होईल का? यू-डायस (शाळेची माहिती), शालार्थ (पगार), पोषण आहाराची माहिती. आणि मराठी टंकलेखन.


टीई_कॉम्प्स

गुरुजी, ती कामं ब्राउझरमधून होतात, त्यामुळे चालायला हवीत. पण आम्ही आलो की तुमच्यासमोर एकेक पोर्टल उघडून बघू, तोवर हो म्हणत नाही. प्रिंटर कुठला आहे ते आधी कळवा, कटकट असलीच तर तिथे असते. मराठीला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो.


पाबळप्रेमी

केरळमध्ये सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःचं लिनक्स काढते. आपल्याकडे आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहेत, दहा-दहा मिनिटांचे, त्यातले बरेच मराठीतही. शिक्षकांना एकट्याने बसून शिकता येतं.

आणि शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. मुलांनी हाताने काम करून शिकायचं आणि त्या कामाची गावाला सेवा द्यायची. वेल्डिंग, शेती, वीज. गावातली पोरं पंप दुरुस्त करू शकतात, तर संगणक का नाही? मास्तर, तुमची मुलं जाऊन शिकवतील हे ठीकच, पण शाळेतल्या पोरांना दुरुस्ती येऊ दे. तुमची बॅच पास होऊन पुण्याला जाईल. सातवीची पोरं तिथेच असतील.


स्पष्टवक्ता

मी सुरुवातीला विरोध केला होता. डेटा सेंटरचा प्रश्न मोठा आहे आणि तो कॉलेजच्या लॅबमध्ये सुटणार नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण जुन्या मशिनचा एक हिशोब मी करून बघितला. शाळेत सहा संगणक, रोज दोन तास, ४२ वॉटने: अर्ध्या युनिटच्या आसपास. एवढ्या कमी वापरात नवा संगणक घेऊन वीज वाचवायला गेलो तर नवा बनवताना झालेलं उत्सर्जन कितीतरी वर्षं भरून निघणार नाही. म्हणजे जुनाच चालवणं बरोबर.

माझ्याकडे २४० जीबीच्या चार वापरलेल्या, तपासलेल्या एसएसडी आहेत. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी लावल्या तर संगणक हातात घ्यावासा वाटेल इतपत पळतो. कुठे पाठवू?


माणगंगा_मास्तर

दोन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

प्राचार्यांनी साठपैकी वीस ठेवायला मान्यता दिली. बाकीच्यांचा निर्णय पुढच्या बैठकीत. वीसवर लिनक्स घातलं, मुलांनीच. ऑपरेटिंग सिस्टीमच्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी आता एक ओळ वाढवली आहे: वेळ इतका, ज्यूल इतके. परीक्षेला गुण नाहीत त्याला. तरी मुलं लिहितात, शेजाऱ्याचे आकडे बघून पुन्हा कोड सुधारतात. ओरलला गोंधळलेली ती मुलगी सगळ्यांत पुढे आहे. रात्री डबे बंद होण्याची सोय दोन मुलांनी एका दुपारी केली.

गेल्या शनिवारी सकाळच्या शाळेला गुरुजींकडे गेलो. नाना सांगलीहून एसटीने आले, पिशवीत मीटर आणि ब्लोअर घेऊन. आमचे आठ विद्यार्थी होते. अर्थिंग नव्हतंच, ते आधी ग्रामपंचायतीच्या वायरमनकडून करून घेतलं. मग अकरा संगणक पटांगणात सतरंजीवर मांडले. सातवीची पोरं आणि तिसऱ्या वर्षाची पोरं जोडीने बसली. संध्याकाळपर्यंत पाच सुरू झाले. चार खरंच गेलेले आहेत, त्यांचे सुटे भाग वेगळे करून यादी केली. दोन अजून कळत नाहीत, नाना म्हणतात पुढच्या वेळी.

मूळ प्रश्न दोन होते. पहिल्याचं उत्तर थोडंफार मिळालं. दुसऱ्याचं गुरुजींनी सांगावं.


गुरुजी_शाळा_माळावरची

खोली अजून पूर्ण रिकामी झाली नाही, सर. चार मेलेले आणि दोन नानांचे कोपऱ्यात आहेत. पण मधली जागा मोकळी झाली. सोमवारपासून दुसरी आत बसते.

पुढच्या शनिवारी येताना खोडरबरं आणा. पोरांनी घरचे रिमोट, रेडिओ, सगळं खोलून घासायला घेतलंय, आणि शाळेतली संपलीत. एका पोरानं बापाच्या मोटरसायकलचा प्लगही घासला. गाडी सुरू झाली म्हणतात.


स्क्रूड्रायव्हर_नाना

प्लगला खोडरबर नाही, पॉलिश पेपर. सांगा त्याला. मी येतोय शनिवारी.